अक्कांचं नाक

अक्कांवर चार शब्द लिहा, असं आमच्या चर्चच्या मंडळीच्या स्मरणिकेसाठी मला एकदा कळवण्यात आलं होतं. मी चारच शब्द लिहिले. ‘शिस्तप्रिय, प्रार्थनाशील, निःस्वार्थी, मायाळू.’ खाली ‘माजी पाळक’ म्हणून सही केली आणि कागद पोस्टात टाकला. संपादकांनी ते चौकटीत छापलं आणि उरलेल्या जागेत कबुतराचं चित्र टाकलं. चारही शब्द खरे होते. तरी ते पान उघडलं की माझी नजर आधी कबुतराकडे जाते. आज बाकीचं लिहितो आहे.

पाळक म्हणून मी पहिल्यांदा गेलो ते पिंपळनेरच्या अलीकडच्या एका गावात. साल शहाऐंशी-सत्याऐंशीचं असेल. मी बोदवडचा. आमच्याकडची बोली वेगळी, इकडची वेगळी. पहिले काही महिने लोक माझा उपदेश ऐकून ‘चांगलं बोलस’ म्हणायचे आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना विचारायचे, पण बोलला काय? मिशनचं जुनं आवार होतं. चर्च, बंद पडलेलं मुलींचं वसतिगृह, पाळकाचं घर आणि त्याला लागून दोन खोल्या. त्या दोन खोल्यांत अक्का राहायच्या. मुलींच्या शाळेत त्यांनी उभा जन्म ड्रिल शिकवलं होतं. त्या निवृत्त झाल्या, गळ्यातली शिट्टी झाली नव्हती. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “पाच जण सांभाळते आहे. सहाव्याला कुठे ठेवू?”

हे पाच जण म्हणजे डोळे, कान, नाक, जीभ आणि कातडी.

माझं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे जेवण अक्कांकडे. पहिल्याच दिवशी भाकरी वाढता वाढता त्यांनी मला त्यांचं सगळं धर्मशास्त्र सांगून टाकलं. “आत्म्याची काळजी नको. तो एका क्षणात तरतो. ते काम प्रभूने पुरं केलं. पण अंगाचं काय? अंग म्हशीसारखं असतं. गोठा बदलला म्हणून म्हैस बदलत नाही. तिला शिकवावं लागतं. तुमच्या सेमिनरीत म्हशीबद्दल काही शिकवलं का?”

“नाही, अक्का.”

“वाटलंच.”

पाचांपैकी प्रत्येकाला वार नेमून दिलेला होता. डोळ्यांचा वार आठवडी बाजाराच्या दिवशी यायचा. त्या दिवशी अक्का पिशवी घेऊन सगळा बाजार फिरायच्या आणि माणसांच्या पावलांपलीकडे नजर उचलायच्या नाहीत. बांगड्यांची दुकानं, पातळं, जिलेबीचा ताजा घाणा, काही नाही. पावलांवरून त्या माणसं ओळखायच्या आणि खाली बघूनच सलाम करायच्या. एकदा एका बैलालाही केला. बैलाचा मालक बराच वेळ विचारात पडला होता.

कानाचा वार पिठाच्या गिरणीत. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की दोन माणसांना एकमेकांचं ओरडणं ऐकू यायचं नाही. तिथे अक्का पोत्यावर ताठ बसून प्रार्थना करायच्या. “चर्चमध्ये शांततेत कुणीही प्रार्थना करेल,” त्या म्हणायच्या. “गिरणीत झाली तर झाली.” गिरणीवाल्याची समजूत होती की म्हातारी आपलं दळण कुणी बदलू नये म्हणून पहाऱ्याला बसते. त्याने एकदा मला बाजूला घेऊन शपथेवर सांगितलं की त्याच्या गिरणीत एक चिमूटसुद्धा इकडची तिकडे होत नाही.

जिभेचा वार गुरुवार. त्या दिवशी कशात मीठ नाही, मिरची नाही. जळगावकडच्या माणसाला अळणी भरीत वाढणं हे पाप म्हणून शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही, एवढंच. अक्का समोर बसून विचारायच्या, “काय लागतं?”

“काहीच लागत नाही, अक्का.”

“बरोबर. जीभ रिकामी झाली. आता तिला काम सांगता येतं.”

रविवारी पाचांनाही सुट्टी असायची. त्या दिवशी अक्का रविवारच्या शाळेतल्या मुलांना कामाला लावायच्या. एक छोटी शिट्टी. “डोळे, मिट!” मुलं डोळे मिटायची. मग प्रार्थना. मग मोठी शिट्टी. “डोळे, उघड!” त्या वर्गातून तयार झालेली माणसं आज पन्नाशीला आली आहेत. पोलिसांची शिट्टी वाजली की अजूनही डोळे मिटतात, असं त्यातल्या एकाने मला सांगितलं. तो ट्रकवर आहे.

आता नाक.

आमच्याकडे बाप्तिस्मा बुडवून देतात. गावात हौद नव्हता, म्हणून पावसाळा सरला की पांझरा नदीवर जायचं. पाळक कमरेइतक्या पाण्यात उभा राहतो, उमेदवाराच्या पाठीला हात देतो आणि नाकातोंडात पाणी जाऊ नये म्हणून नाकावर रुमाल दाबून त्याला मागे आडवा करतो. सगळीकडे असंच करतात. मी काही नवीन करत नव्हतो. पण अक्कांचं याबद्दल एक मत होतं, आणि ते त्यांनी माझ्या पहिल्या बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी मला ऐकवलं.

“सगळं अंग बुडतं. म्हणजे जुना माणूस मेला. बरोबर?”

“बरोबर.”

“आणि नाक?”

“नाकावर रुमाल असतो, अक्का.”

“मग जुना माणूस कुठे जाऊन बसत असेल?”

“नाकात,” अक्काच म्हणाल्या. “तेवढीच जागा कोरडी राहते. म्हणून बघ, ख्रिस्ती माणूस चोरी सोडतो, दारू सोडतो, शिवी सोडतो. पण गरिबाच्या झोपडीत शिरला की पहिलं काय करतो? नाक मुरडतो. तोच तो. जुना माणूस.”

दुसऱ्या दिवशी मी रुमाल लावला नाही. उमेदवार ट्रॅक्टर चालवणारा एक धिप्पाड माणूस होता. तो वर आला तो शिंकत. पुढच्या गायनभर आणि शेवटच्या आशीर्वादभर तो शिंकत होता. काठावर अक्का अतिशय समाधानाने त्याच्याकडे बघत होत्या. पुढच्या वेळेपासून मी पुन्हा रुमाल वापरायला लागलो.

स्वतःच्या नाकाबद्दल अक्कांची एक साक्ष होती. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढे उभं राहून सांगणं. संजीवन सभांतून त्यांनी ती कितीदा तरी दिली होती आणि लोकांना ती तोंडपाठ होती. तरुणपणी त्यांना वसतिगृहाच्या संडासांची देखरेख दिली होती. त्यांना ती सहन व्हायची नाही. रोज उलट्या. त्यांनी वर्षभर प्रार्थना केली, प्रभू, माझ्या नाकाला शिकव. मग त्यांना मुदतीचा ताप आला, त्या मरता मरता वाचल्या, आणि उठल्या तेव्हा नाक शिकलेलं होतं. तेव्हापासून कुठल्याही घाणीने त्यांच्या कपाळावर आठी उमटली नव्हती. “देवाने माझं नाक पवित्र केलं,” असं शेवटी म्हणायच्या, आणि लोक आमेन म्हणायचे. मीही म्हणायचो.

तिथे आमच्या मंडळीत शामूभाऊ होते. एसटीत कंडक्टर होते. धुळ्याहून गाडी निघताना “कुसुंबा, नेर, साक्री” अशी त्यांची हाक स्टँडच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची म्हणतात. मी ती ऐकली नाही. मी गेलो तेव्हा तंबाखूने त्यांचा उजवा गाल खाल्ला होता. धुळ्याच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. गालाला आरपार भोक पडलं होतं, ताक प्यायले तर थोडं बाहेर यायचं. बायको आधीच गेलेली. मुलगा सुरतेला. सून होती, ती ताट उंबऱ्यावर ठेवायची आणि पदर नाकाला लावून परत फिरायची. तिला दोष देत नाही. तो वासच तसा होता.

शामूभाऊ रविवारी चर्चला यायचे आणि दाराजवळच्या बाकावर बसायचे. त्यांच्या पुढची दोन बाकं हळूहळू रिकामी झाली. शेजारी फक्त अक्का बसायच्या, ताठ. मग चर्चच्या पंचांच्या बैठकीत एक जण म्हणाला, “साहेब, त्याले सांगा, घर बठ. बठ्ठा लोक उठी जातीन.”

मी शामूभाऊंच्या घरी गेलो, दारातच उभा राहिलो आणि म्हणालो की तुम्हाला एवढं चालत यायचा त्रास होतो, तर आता उपासनाच तुमच्याकडे येईल. त्यांना ते फार आवडलं. मंडळीचं प्रेम बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उपासना त्यांच्याकडे गेली नाही. अक्का गेल्या. रोज सकाळी मिठाचं कोमट पाणी, गॉज आणि पट्टी घेऊन त्या जायच्या, गाल धुवायच्या, पट्टी बांधायच्या, एक अध्याय वाचायच्या आणि परत यायच्या.

असे काही महिने गेले आणि मला उंदीर सापडला.

मी जेवायला गेलो तर अक्कांच्या खोलीत पाऊल टाकवेना. ट्रंकेच्या मागे कुठेतरी उंदीर मरून दोन दिवस तरी झाले असावेत. अक्का चटईवर बसून शांतपणे लसूण सोलत होत्या. मला वाटलं, हीच ती पवित्रता. मी म्हणालो, “अक्का, धन्य आहे तुमची. पण मी काही शिकलेला नाही. आधी तो उंदीर काढू या.”

“कुठला उंदीर?” अक्का म्हणाल्या.

त्यांनी ते इतक्या सरळपणे विचारलं की मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. उंदीर काढला, पुरला, हात धुतले, जेवलो. मनात मात्र एक गोष्ट नीट घडी घालून ठेवली.

मंडळीच्या पुढच्या बैठकीत अक्कांनी विषय काढला. शामूकडे आठवड्यातून एक दिवस तरी पाळकांनी जावं. मी म्हणालो, भेटी आहेत, पिंपळनेरची सभा आहे, उपदेशाची तयारी आहे, कामं फार आहेत.

“काम आडवं येत नाही, नाक येतं,” अक्का म्हणाल्या. “पाळकसाहेबांचं नाक अजून बालवाडीत आहे. माझं बघा, मॅट्रिक झालं.”

सगळे हसले. एकाच्या हातातला चहा बशीत सांडला. मीही हसलो. हसता हसता मला उंदीर आठवला.

संध्याकाळी जेवताना मी त्यांना सांगितलं. “अक्का, तुमचं नाक पवित्र झालेलं नाही. ते गेलेलं आहे. तुम्हाला वासच येत नाही. त्या तापात गेलं असेल.” आणि त्यावर आणखी एक वाक्य बोललो. “आंधळ्याने वाईट पाहिलं नाही म्हणून कुणी त्याचं कौतुक करत नाही.” हे वाक्य मी बैठकीहून परत येताना तयार केलं होतं. उपदेशाची वाक्यं मला इतकी नीट कधी जमली नाहीत.

अक्का घास चावत होत्या. तो त्यांनी पूर्ण चावला, गिळला, पाणी प्यायल्या.

“कशावरून?”

“उंदीर.”

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग हात धुऊन आल्या, भिंतीला पाठ न टेकता बसल्या आणि डोळे मिटले. “घे परीक्षा. डब्या तिथे फळीवर आहेत. नाव सांगू नको.”

मी हिंगाची डबी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली.

“नाही,” अक्का म्हणाल्या. “पुढचं.”

रॉकेलची बाटली. “नाही. पुढचं.”

ठेचलेला लसूण. नाही. धुण्याचा साबण. नाही. दाराशी काढलेली माझी चप्पल धरायचा विचार आला, तेवढी लाज मात्र होती. शेवटी मी एक लाल मिरची पळीत घेऊन स्टोव्हवर जाळली. खोलीभर धूर झाला. मला ठसका लागला, अक्कांनाही लागला, त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

“मिरची शे,” त्या खोकत म्हणाल्या. मला क्षणभर बरं वाटलं. मग त्यांनी दुरुस्ती केली. “पण ते घशाने सांगितलं. नाकाने नाही.” ड्रिल शिकवताना जसा आवाज असेल, तसाच आवाज होता. “बस. नापास.”

डोळे पुसून त्यांनी डब्यांची झाकणं लावली. मग म्हणाल्या, “मी समजत होते, माझी प्रार्थना ऐकली.”

मी भांडी उचलून ठेवली. एरवी त्या मला हात लावू द्यायच्या नाहीत.

पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी अक्का उभ्या राहिल्या. लोक सावरून बसले. अक्का म्हणाल्या, “माझ्या नाकाची साक्ष मी आजवर अनेकदा दिली. ती खोटी होती. मला माहीत नव्हतं, पण खोटी होती. ती मी परत घेते.” आणि बसल्या. दिलेली साक्ष परत घेतल्यावर मंडळीने काय म्हणायचं असतं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी आमेन म्हणेना. शेवटी पेटीवाल्याने आपल्या मनाने एक गायन सुरू केलं.

मला वाटलं, प्रकरण संपलं. मला असंही वाटलं होतं की त्या मला दोन दिवस जेवायला घालणार नाहीत. तसं काही झालं नाही. बुधवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि गॉज, मीठ, पट्ट्या असलेली पिशवी माझ्या हातात दिली.

“आता तू जाय,” त्या म्हणाल्या.

“मी? अक्का, तुम्ही किती छान बांधता.”

“बांधते. हात बांधतात. पण मला वास येत नाही, मग मी प्रभूला दिलं काय? ज्याला भूक नाही त्याने उपास केला, तसं झालं. इतके महिने मी शामूकडे रिकामीच गेले.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुला वास येतो ना? मग तूच जायला पाहिजे. मला नाही जमायचं ते.”

हे त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं असतं तर मी नाही म्हणू शकलो असतो. त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांचा हिशेब चोख होता आणि मीच त्यांना तो मांडायला लावला होता.

गेलो. शामूभाऊंनी मला आत आलेलं पाहिलं आणि उठून बसायची धडपड केली. मी पट्टी सोडली. अर्धी सुटल्यावर मी मागच्या दाराने बाहेर गेलो आणि लिंबाच्या बुंध्याशी ओकलो. परत आलो तेव्हा ते तसेच, अर्धी पट्टी लोंबत, दाराकडे बघत बसले होते. पुरी पट्टी कशी बांधली ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी मी सर्दीचा बाम दोन्ही नाकपुड्यांत आत बोट घालून भरला. डोळ्यांना पाणी सुटलं, पण उपाय चालला. शामूभाऊंच्या खोलीत मला निलगिरी आणि कापूर यापलीकडे काही आलं नाही. मी सावकाश जखम धुतली. पट्टी नीट बांधली. अध्याय वाचला, प्रार्थना केली. अक्का जशा जायच्या अगदी तसा मी गेलो आणि आलो.

“गेला होतास?” अक्कांनी विचारलं.

“हो.”

“उघड्या नाकाने?”

“हो.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ताटाकडे बघायला लागलो. भरीत वाढलं होतं. गुरुवार होता, तरी भरितात मीठ होतं, मिरची होती, वर कच्चं तेल होतं. “माझे वार बंद केले,” अक्का म्हणाल्या. “पाच जणांना सांभाळून दमले रे. आता तुझ्या एका नाकाकडे बघते.” त्यानंतर त्या गिरणीत गेल्या नाहीत. बाजारात मान वर करून चालायला लागल्या. मला रोज चांगलंचुंगलं करून घालायच्या आणि रोज तेच दोन प्रश्न विचारायच्या. मी दोन्हींना रोज हो म्हणायचो.

शामूभाऊंचं वेगळंच झालं. माझ्या अंगाला सतत बामाचा वास. त्यांच्या नाकाला काही झालेलं नव्हतं. त्यांची समजूत झाली की मला सर्दी आहे आणि ती हटत नाही. “साहेब, सर्दी हटनी का नही?” ते विचारायचे. गालातून हवा जायची, शब्द अर्धे यायचे, पण हा प्रश्न मला नीट कळायचा. त्यांनी सुनेला सांगून माझ्यासाठी सुंठीचा काढा करून ठेवायला सुरुवात केली. माझी प्रार्थना संपली की ते हाताने मला थांबवायचे आणि स्वतः करायचे. “हे प्रभू, आमना पाळकसायेबले सर्दी शे. अशी सर्दी ऱ्हाईसनी बी तो मन्हाकडे येस. त्याना नाकले आराम दे. मन्हं मंग देख.” मी आमेन म्हणायचो आणि काढा प्यायचो.

असं काही आठवडे चाललं. एका सकाळी गेलो तर त्यांना ताप होता आणि गाल डोळ्यापर्यंत सुजला होता. ते काही न बोलता हाताने गाल दाखवत होते. जीप करून त्यांना धुळ्याला नेलं. दवाखान्यातला डॉक्टर माझ्याच वयाचा होता. त्याने पट्टी काढली, चिमट्याने आत पाहिलं आणि मला जवळ बोलावलं. आत किडे होते. खोलवर, दाताच्या मुळाशी. वरून जखम मी रोज धूत होतो, ती स्वच्छ दिसत होती.

“ड्रेसिंग कोण करतं?”

“मी.”

“हे व्हायच्या आधी वास बदलतो. चार-पाच दिवस आधी. एकदम बदलतो, न कळण्यासारखं नाही ते. तुम्हाला वास आला नाही?”

मी म्हणालो, “मला सर्दी होती.”

खाटेवर पडल्या पडल्या शामूभाऊंनी मान हलवली. डॉक्टरला पटावं म्हणून दोनदा हलवली.

डॉक्टर मला बाहेर घेऊन गेला. माणूस जायचाच होता, तो म्हणाला. पण हे दुखणं टळलं असतं. शामूभाऊ तिथेच तिसऱ्या दिवशी गेले. ते तीन दिवस कसे होते ते मी लिहू शकत नाही. मी तिथे बसून होतो. बाम लावला नव्हता, आता त्याचा उपयोगही नव्हता. दवाखान्यात सगळीकडे फिनेलचाच वास होता.

दफन करून आम्ही परत आलो. अक्का दफनभूमीत शेवटपर्यंत उभ्या होत्या. घरी आल्यावर त्यांनी मला आत बोलावलं आणि समोर बसवलं. जेवायचं काही नव्हतं.

“एक विचारू?”

मला वाटलं, कळलं यांना. मला हेही आठवतं की मला त्या वेळी सुटल्यासारखं वाटलं.

“कसा असतो रे तो?” अक्का म्हणाल्या. “वास. मी इतके महिने गेले, मला माहीत नाही. तू रोज घेतलास. मला सांग.”

माझ्याजवळ एकच दिवस होता, तो पहिला, लिंबाखाली ओकलो तो. तोच मी त्यांना सांगितला. म्हणालो, आमच्याकडे केळीचा घड उतरवल्यावर खोड तोडून बांधावर टाकतात, ते पावसात कुजलं की येतो तसा. त्यात गंजलेलं लोखंड मिसळावं तसा. आणि खाली कुठेतरी गोडसर. तो गोडवा सगळ्यात वाईट. तो घरी आल्यावरही तोंडात राहतो.

अक्कांनी डोळे मिटले होते. मी बोलत असताना त्यांनी छाती भरून श्वास घेतला, धरून ठेवला आणि सोडला.

“रोज असाच?”

“रोज.”

“आणि तू घेतलास.”

“हो.”

“चांगलं झायं,” अक्का म्हणाल्या. “म्हंजे वाया नही गया.” त्यांचा चेहरा इतका हलका झाला होता की मी उठलो, त्यांना पाणी आणून दिलं आणि माझ्या घरी आलो. पुढे मला जळगावला बदली मिळाली. त्यानंतरही अक्का बरीच वर्षं होत्या. भेट झाली की माझा हात दोन्ही हातांत धरायच्या. सांगायला सवड नव्हती असं मी म्हणू शकत नाही.

शामूभाऊ गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी साक्षीची वेळ आली. अक्का पुन्हा उभ्या राहिल्या. मंडळी जरा घाबरली, म्हातारी आज काय परत घेते कोण जाणे. अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. “माझ्याकडे साक्ष उरलेली नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून आज पाळकसाहेबांची देते. मला जे झालं असं वाटत होतं, ते यांना खरंच झालं. मी डोळ्यांनी पाहिलं.” आणि बसल्या.

लोक माझ्याकडे बघत थांबले. आमच्यात आमेन आधी पाळकाने म्हणायचा असतो. मी म्हटला.